मर्जचं बटण हाती आल्यावर: ओपन सोर्स प्रकल्पाच्या मेंटेनरचं काम, पायरीपायरीने

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या लायब्ररीचं, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडचं, नवं व्हर्जन सोडलं, लॅपटॉप बॅगेत टाकला आणि जांबोटीकडच्या गावाला निघालो. पावसाळ्यात खानापूर तालुक्याच्या त्या पट्ट्यात वीज आणि नेटवर्क गेलं की लवकर येत नाही. तिसऱ्या दिवशी बेळगावात परतलो तेव्हा फोनवर ओळीने निरोप उतरले. नव्या व्हर्जनमध्ये ‘कुऱ्हाडे’ आडनावाची माणसं शोधूनही सापडत नव्हती.

लायब्ररी छोटीच आहे, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली. एकच नाव मराठी, कन्नड आणि रोमन लिपीत वेगवेगळं लिहिलेलं असलं तरी ते एकच आहे का, एवढंच ती पडताळते. सीमाभागात हे काम रोज लागतं. जमिनीच्या उताऱ्यावर नाव कन्नडात, जुन्या शाळेच्या दाखल्यावर मराठीत, बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत, आणि तिन्हीकडे थोडं थोडं वेगळं. मी उर्दू वळणाच्या नावांसाठी नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, काढून टाकणारी एक ओळ घातली होती. पण त्याआधीच मजकुराचं युनिकोड विघटन होत होतं, आणि विघटन केलं की ‘ऱ’ या अक्षराचे ‘र’ आणि नुक्ता असे दोन तुकडे होतात. नुक्ता गेला, मागे नुसता ‘र’ उरला, आणि ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ झालं. आधी साठवलेल्या नोंदींशी ते जुळेना.

चूक माझी होती, पण चुका होतात. मला लागून राहिलं ते दुसरंच. एका मुलीने पहिल्याच रात्री दुरुस्ती पाठवली होती. दुसऱ्या एकाने ती तपासून ‘बरोबर आहे’ असं लिहिलंही होतं. मर्ज करायचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळून घ्यायचा, आणि पॅकेज (लोक इन्स्टॉल करतात तो गठ्ठा) प्रकाशित करायचा अधिकार मात्र माझ्या एकट्याकडे होता. दुरुस्ती दारात तयार उभी होती आणि किल्ली माझ्या खिशात होती.

तोवर मला वाटायचं, सगळ्यात जास्त कोड लिहिणारा तो मेंटेनर. आता वाटतं, आलेल्या प्रत्येकाला उत्तर मिळेल आणि आपण नसतानाही प्रकल्प चालेल अशी व्यवस्था लावणारा तो मेंटेनर. त्या व्यवस्थेच्या पायऱ्या आमच्याकडे ज्या क्रमाने लागल्या, त्याच क्रमाने पुढे देतो. कोणी तुम्हाला नुकतंच मेंटेनर केलं असेल, किंवा तुम्ही सहज टाकलेला कोड लोक वापरायला लागले असतील, तर पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करा.

पहिली पायरी: किल्ल्या मोजा

एक कागद घ्या. प्रकल्प चालू ठेवायला कुठली कुठली खाती, पासवर्ड आणि अधिकार लागतात ते सगळं उतरवा. रेपोचे, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेल्या जागेचे, मालकी हक्क. पॅकेज प्रकाशित करायचं खातं. टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेतली गुपितं. वेबसाइट असेल तर डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि त्याचे पैसे कुणाच्या कार्डावरून जातात. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन कोण. प्रत्येकापुढे माणसाचं नाव लिहा. जिथे एकच नाव येतं, तिथे धोका आहे. आमच्या कागदावर सगळीकडे माझंच नाव आलं होतं.

गिटहबवर, म्हणजे कोड ठेवून त्यावर एकत्र काम करायच्या वेबसाइटवर, रेपो वैयक्तिक खात्याखाली असेल तर मालक एकच राहतो, बाकीचे सगळे नुसते सहयोगी. म्हणून छोट्या प्रकल्पासाठीही एक ऑर्गनायझेशन (सामायिक खातं) उघडा आणि त्यात दोन मालक ठेवा. हे काम अर्ध्या तासाचं आहे. दुहेरी पडताळणी चालू करताना मिळणारे रिकव्हरी कोड छापून घरात ठेवा. नुसते फोनमध्ये ठेवले आणि फोनच हरवला तर दोन्ही गेलं.

मग रेपोत एक मेंटेनर फाइल ठेवा: कोणता भाग कोण बघतं, आणि किती बघतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, अशी फाइल आहे आणि तिच्यातली एक पद्धत मला फार आवडते. प्रत्येक भागापुढे त्याची स्थिती लिहिलेली असते. ‘सपोर्टेड’ म्हणजे हे बघण्याचा कुणाला तरी पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कोणीतरी खरोखर बघतं. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे मालक आहे, पण त्याला अधूनमधून किरकोळ दुरुस्तीपलीकडे वेळ नाही. ‘ऑर्फन’ म्हणजे सध्या कोणी वाली नाही. ‘ऑब्सोलीट’ म्हणजे याची जागा दुसऱ्याने घेतली आहे, हे वापरू नका. आमच्या रोमन लिपीच्या भागापुढे आम्ही सरळ ‘ऑड फिक्सेस’ लिहिलं, आणि त्यानंतर त्या भागाबद्दल रागावून लिहिणारे थांबले. आपल्याला किती जमेल ते लोकांना आधी कळलं की ते समजून घेतात. राग येतो तो वाट बघायला लावल्याचा.

दुसरी पायरी: लायसन्स आणि आत यायची वाट

रेपो सगळ्यांना दिसतो म्हणून तो ओपन सोर्स, म्हणजे कुणीही वापरावा-बदलावा असा, होत नाही. लायसन्स फाइल नसेल तर कायद्याने सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात आणि वापरणारा अडचणीत येतो. एमआयटी, अपाची २.० किंवा जीपीएल या तयार लायसन्सांतलं एक निवडा आणि पहिल्याच दिवशी टाका. मागाहून बदलायचं तर आजवर कोड दिलेल्या प्रत्येकाची परवानगी गोळा करत फिरावं लागतं.

कोड देणाऱ्याने ‘हा माझा आहे किंवा द्यायचा मला हक्क आहे’ असं कबूल करणंही हवं. कर्नलने २००४ मध्ये यासाठी साधी पद्धत आणली: प्रत्येक कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) तळाशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि नाव. छोट्या प्रकल्पाला तेवढं पुरतं.

आमच्यासारखं गावांच्या नावांचं काम करणाऱ्यांनी डेटाच्या लायसन्सकडे जास्त लक्ष द्यावं. एका विद्यार्थ्याने मोठ्या मेहनतीने शेकडो गावांची नावं आणली होती, ती एका व्यावसायिक नकाशावरून उतरवलेली निघाली. घेता आली नाहीत. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, कारण नियम लिहून न ठेवल्याचा दोष आमचा होता. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून घेता येतं, पण तिथला डेटा २०१२ पासून ओडीबीएल लायसन्सखाली आहे. श्रेय द्यावं लागतं, आणि त्यावरून तयार केलेला डेटा लोकांत वाटला तर तो त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. ‘योगदान कसं द्यावं’ या फाइलमध्ये हे दोन परिच्छेद आता सगळ्यात वर आहेत. त्याखाली टेस्ट कशा चालवायच्या ती एक आज्ञा आणि कुठल्या भाषेत लिहिलं तरी चालेल ते. आमच्याकडे मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही चालतात.

तिसरी पायरी: आलेल्याला उत्तर द्या

आमच्या ग्रुपवर खानापूरकडच्या एका पोराचा निरोप आला होता: “दादा, माझी पुल रिक्वेस्ट बघितलासा काय? पंधरा दिवस झालं की.” पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या’ अशी विनंती. मी ती बघितली होती. चांगलीही वाटली होती. सवडीने नीट उत्तर देऊ म्हणून ठेवून दिली होती. त्याच्यासाठी मात्र ते पंधरा दिवस म्हणजे ‘आपलं काही खरं नाही’ असं होतं.

तेव्हापासून नियम केला. पहिलं उत्तर सात दिवसांच्या आत, मग ते एका ओळीचं का असेना. ‘मिळालं. परीक्षा संपल्यावर म्हणजे २० तारखेनंतर बघतो.’ एवढ्याने माणूस टिकतो. यासाठी आठवड्यातला एक ठरावीक वेळ बाजूला काढा. माझा रविवारी सकाळी नऊ ते अकरा असतो. त्या वेळात नवा कोड लिहीत नाही. फक्त आलेलं निवडतो.

निवडायचं कसं? घरी तांदूळ निवडतो तसंच, आधी खडे. दुसऱ्याच लायब्ररीची तक्रार असेल तर योग्य पत्ता देऊन बंद करा. आधी आलेलीच असेल तर जुन्या इश्यूचा (नोंदवलेल्या तक्रारीचा) दुवा देऊन बंद करा. उरलेल्यांत बग (कोडमधली चूक) कुठला आणि मागणी कुठली ते वेगळं करा. बगसाठी तीन गोष्टी मागून घ्या: कुठलं व्हर्जन, नेमका कुठला मजकूर दिला, काय यायला हवं होतं आणि काय आलं. देवनागरीच्या बाबतीत स्क्रीनशॉटवर कधीच विसंबू नका. ‘ऱ’ हे एकच अक्षर म्हणून लिहिलेलं आहे की ‘र’ आणि नुक्ता मिळून, हे डोळ्यांना सारखंच दिसतं. मूळ मजकूर चिकटवून द्यायला सांगा आणि तो टेस्टमध्ये जसाच्या तसा घाला.

बग स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवता आला की अर्धं काम झालं. आधीच्या व्हर्जनमध्ये नव्हता आणि आता आहे, असं असेल तर गिटचं, म्हणजे कोडमधले बदल नोंदवत जाणाऱ्या साधनाचं, बायसेक्ट वापरा. चांगलं कमिट आणि वाईट कमिट सांगितलं की ते मधल्या इतिहासाचे अर्धे अर्धे भाग करत दोषी कमिटपर्यंत नेतं. हजार कमिट असले तरी साधारण दहा फेऱ्यांत सापडतं.

सोप्या इश्यूंवर ‘नवख्यांसाठी’ असं लेबल लावा आणि ते स्वतः सोडवायचा मोह आवरा. तुम्हाला दहा मिनिटं लागतील, नवख्याला दोन दिवस लागतील. त्या दोन दिवसांतून पुढचा मेंटेनर घडतो. कुऱ्हाडेची दुरुस्ती पाठवणारी मुलगी अशाच एका लेबलावरून आमच्याकडे आली होती.

चौथी पायरी: रिव्ह्यू

रिव्ह्यू म्हणजे आलेला बदल घेण्याआधी तपासणं. मेंटेनरची खरी पारख इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बेंगळुरूहून एका कन्नड भाषक मित्राची पुल रिक्वेस्ट आली. कन्नडात ‘निप्पाणी’, ‘चिक्कोडी’ असं जोडाक्षर लिहितात, मराठीत ‘निपाणी’, ‘चिकोडी’. त्याने नियम घातला: दुहेरी व्यंजन आलं की एकेरी करायचं. टेस्ट सगळ्या पास. कोड स्वच्छ. मी मर्जच्या बटणापर्यंत गेलो होतो. पण ‘गल्ली’चं ‘गली’ आणि ‘पत्ता’चा ‘पता’ होणार होता, आणि मुख्य म्हणजे त्याने तो नियम नोंदीतल्या मूळ नावालाच लावला होता. ‘येळ्ळूर’ लिहून साठवलेल्या माणसाला परत वाचताना ‘येळूर’ दिसलं असतं.

नियम चुकीचा नव्हता, त्याची जागा चुकली होती. शोधण्यासाठी आपण नावाचं एक दबलेलं रूप आतल्या आत तयार करतो, तिथे दुहेरी व्यंजन एकेरी करायला हरकत नाही. दोन्ही बाजूंना सारखंच दबतं, म्हणून जुळतं. माणसाने लिहिलेल्या नावाला मात्र हात लावायचा नाही. मी हे तसंच लिहिलं. त्यानेच एका संध्याकाळी कोड हलवला, आणि आज तो आमच्या कन्नड भागाचा मेंटेनर आहे.

त्याच चर्चेत त्याने मला एक गोष्ट शिकवली. कन्नडात ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ ही वेगळी अक्षरं आहेत, ‘ओ’चीही तशीच जोडी. मराठीत एकच. म्हणजे कन्नडातून मराठीत येताना माहिती गळते आणि मराठीतून कन्नडात जाताना अंदाज करावा लागतो. मी तोवर दोन्ही दिशा सारख्याच समजून कोड लिहिला होता. रिव्ह्यू करणाऱ्यालाच सगळं कळतं असं धरून बसलो असतो तर ही गोष्ट कळलीच नसती.

माझा क्रम आता असा आहे. सगळ्यात आधी: हा बदल आपल्या प्रकल्पात असायलाच हवा का? नको असेल तर कोड वाचण्याआधीच तसं सांगा. वीस सूचना देऊन, सगळ्या करून घेऊन, शेवटी नकार देणं हा अन्याय आहे. मग टेस्ट वाचा. कोडच्या आधी टेस्ट वाचल्या की पाठवणाऱ्याने कुठला प्रसंग धरलाय आणि कुठला सुटलाय ते लगेच दिसतं. मग कोड. मोकळ्या जागा, नावांची पद्धत, स्वल्पविराम या गोष्टी माणसाने बघूच नयेत, त्या फॉरमॅटर चालवून मशीनवर सोपवा. तीनशे ओळींच्या वर गेलेला बदल तुकड्यांत मागा. थकलेला डोळा मोठ्या बदलात काहीही पास करतो.

शब्दांकडे लक्ष द्या. ‘हे चुकीचं आहे’ लिहिण्यापेक्षा ‘इथे कुऱ्हाडे दिलं तर काय येईल?’ असं विचारा. अडवणारी सूचना आणि नुसतं मत यांत फरक दाखवा. मी मतापुढे ‘ऐच्छिक’ असं लिहितो. मर्ज करताना स्वतः दुरुस्ती केलीत तर मूळ माणसाचं श्रेय जाऊ देऊ नका, गिटमध्ये ‘को-ऑथर्ड-बाय’ याचसाठी आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांना त्या एका ओळीचं मोल किती असतं ते मी जवळून पाहिलंय. ती ओळ ते पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत दाखवतात.

निरर्थक बदलांचाही पूर येतो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावायच्या ऑक्टोबरभराच्या उपक्रमात, फुकट टी-शर्टसाठी रीडमी (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या) फाइलमध्ये एखादा शब्द घालून हजारोंनी पुल रिक्वेस्ट आल्या, त्यांत आपल्याकडचे विद्यार्थी पुष्कळ होते. शेवटी आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील त्यांनाच धरायचं असं करावं लागलं. आता एआयकडून लिहून घेतलेले, दिसायला नेटके आणि आतून पोकळ बदल येतात. इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या कर्ल या साधनाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग अशा बनावट सुरक्षा तक्रारींबद्दल २०२४ पासून उघडपणे लिहीत आले आहेत. माझी पद्धत साधी आहे. एक प्रश्न विचारतो: ‘ही ओळ काढली तर कुठली टेस्ट पडेल?’ ज्याने स्वतः विचार केलाय तो उत्तर देतो. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी बंद करतो, कडू शब्द न वापरता. तोच मुलगा पुढच्या वर्षी खरं काम घेऊन येऊ शकतो.

पाचवी पायरी: नाही म्हणणं, आणि नावांचा वाद

आमच्या प्रकल्पात हे कधीतरी येणारच होतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे. मराठी माणूस बेळगाव म्हणतो. जुन्या इंग्रजी कागदांवर बेलगाम आहे. एका आठवड्यात दोन पुल रिक्वेस्ट आल्या, एक ‘बेळगाव’ काढून टाकणारी आणि एक ‘बेळगावी’ काढून टाकणारी. दोन्हींखाली भाषा तापली.

माझं स्वतःचं मत आहे, घरात बोलली जाणारी भाषा आहे, लहानपणापासून ऐकलेलं सगळं आहे. मेंटेनर म्हणून त्यावर निर्णय देता येत नाही. निर्णय प्रकल्पाच्या हेतूवर द्यावा लागतो. कागदांवर जे जे लिहिलेलं सापडतं ते ओळखणं हा आमचा हेतू. म्हणून तिन्ही रूपं राहतील, प्रत्येकापुढे भाषा लिहिलेली असेल, अधिकृत रूपापुढे तारीख असेल, आणि वापरात असलेलं कुठलंही रूप काढणारा बदल घेतला जाणार नाही. ओपनस्ट्रीटमॅपही असंच करतं. तिथे गावाचं मराठी नाव, कन्नड नाव, इंग्रजी नाव वेगवेगळ्या रकान्यांत राहतात, त्यामुळे एक लिहायला दुसरं पुसावं लागत नाही.

हा नियम वाद पेटण्याआधी लिहिलेला असता तर मला दोन रात्री जागावं लागलं नसतं. तुमच्या प्रकल्पात वादाची जागा दुसरी असेल. ती कुठली ते तुम्हाला आजच माहीत असतं. शांत दिवशी तिच्याबद्दल चार ओळी लिहून ठेवा, आणि आचारसंहितेच्या फाइलमध्ये शिवीगाळ झाली तर कोण काय करेल तेही. तापलेली चर्चा दोन दिवस कुलूपबंद करायला घाबरू नका. फक्त कारण आणि उघडायची तारीख लिहा.

नवी सोय नाकारताना कारण द्या आणि पर्याय दाखवा. ‘हे आम्ही सांभाळू शकणार नाही, पण फोर्क (कोडची स्वतंत्र प्रत) करून वेगळं पॅकेज केलंत तर रीडमीत दुवा देऊ.’ मर्ज केलेली प्रत्येक ओळ पुढे आपल्यालाच वर्षानुवर्षं निस्तरावी लागते.

सहावी पायरी: रिलीज

व्हर्जनचे तीन आकडे वापरा. जुना कोड मोडणारा बदल असेल तर पहिला आकडा वाढतो, न मोडता भर घातली तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. शोधाचं रूप बदलणं हा मोडणारा बदल आहे, कारण लोकांनी जुनी रूपं साठवलेली असतात. कुऱ्हाडेच्या वेळी मी तिसराच आकडा वाढवला होता, म्हणून लोकांनी डोळे झाकून घेतलं.

रिलीजच्या दिवसाची आमची यादी:

१. आज सणाची किंवा सुट्टीची आदली संध्याकाळ नाही ना? असेल तर थांबा.
२. मुख्य ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास.
३. बदलांची नोंद माणसाला कळेल अशा भाषेत. ‘बग दुरुस्त’ नको, ‘ऱ असलेली आडनावं आता सापडतात’ असं.
४. टॅग (त्या व्हर्जनच्या कोडवर नावाची खूण) लावा. पॅकेज त्या टॅगवरून यंत्रणेनेच तयार करावं, कुणाच्या लॅपटॉपवरून नाही.
५. कोऱ्या वातावरणात इन्स्टॉल करून एकदा चालवून बघा.
६. पुढचे दोन तास संगणकाजवळ राहा.

वाईट व्हर्जन सुटलंच तर ते पुसू नका. पायपीआयवर, म्हणजे पायथनची पॅकेजं जिथून मिळतात त्या साठ्यावर, एकदा वापरलेलं फाइलचं नाव पुसल्यावरही पुन्हा वापरता येत नाही. त्यापेक्षा ते ‘यँक’ करा. नव्याने घेणाऱ्यांना मग ते मिळत नाही, आणि ज्यांनी नेमकं तेच व्हर्जन लिहून ठेवलंय त्यांचं काम अडत नाही. मग मागचा बदल रिव्हर्ट करून पुढचा आकडा सोडा. घाईत नवी दुरुस्ती लिहिण्यापेक्षा आधी मागे येणं केव्हाही सुरक्षित. जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या एनपीएम या साठ्यावरून २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे मोठमोठे प्रकल्प बिल्ड (तयार) होईनासे झाले. आपला कोड किती लहान आहे यावरून त्यावर किती जण उभे आहेत ते कळत नाही.

सातवी पायरी: सुरक्षेची तक्रार

रेपोत सुरक्षा फाइल (सुरक्षेतली त्रुटी सापडली तर कुणाला कसं कळवायचं ते सांगणारी) ठेवा आणि खासगी तक्रारीची सोय चालू करा. गिटहबवर ती सेटिंगमध्ये मिळते. तक्रार आली की दोन दिवसांत पोच द्या, दुरुस्ती तयार होईपर्यंत उघड चर्चा करू नका, आणि ती सुटली की सगळं जाहीर करा, शोधणाऱ्याच्या श्रेयासकट. जाहीर करण्याआधी ९० दिवस थांबायचा प्रघात आहे. त्याच्या आत संपवा.

आठवी पायरी: दुसरी किल्ली कुणाला

पहिल्या पायरीवर मोजलेल्या किल्ल्या आता वाटायच्या आहेत, आणि इथे दोन्ही बाजूंनी घसरायला होतं.

एका बाजूला एकट्याने सगळं धरून ठेवणं. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं, आणि ते लासे कॉलिन हा एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. थकवा आणि मानसिक त्रास असल्याचं त्याने २०२२ मध्ये उघड लिहिलं होतं. त्याच सुमाराला काही अनोळखी नावं त्याच्यावर दबाव आणत होती, की जमत नसेल तर दुसऱ्याला दे. ‘जिया टॅन’ नावाने काम करणाऱ्याने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला, मेंटेनर झाला, आणि ५.६.० व ५.६.१ या व्हर्जनांमध्ये चोरदरवाजा घातला. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघड केला. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्यावरून तो मागे लागला होता. चोरदरवाजा जागा करणारा महत्त्वाचा तुकडा रेपोत नव्हताच, तो हाताने तयार केलेल्या रिलीजच्या गठ्ठ्यात होता. वरच्या यादीतली चौथी ओळ त्यासाठी आहे.

दुसऱ्या बाजूला कंटाळून कुणालाही देऊन टाकणं. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या एनपीएमवरच्या पॅकेजच्या मूळ लेखकाने ईमेलवर मागणाऱ्या एका अनोळखी माणसाला पॅकेज दिलं. त्याने त्यात बिटकॉइन चोरणारा कोड असलेलं दुसरं पॅकेज जोडलं.

मग करायचं काय? हक्क एकदम देऊ नका, टप्प्याने द्या. आधी इश्यू निवडायचा हक्क. दोन-तीन महिन्यांनी रिव्ह्यूचा. मग मर्जचा, पण मुख्य ब्रँच संरक्षित ठेवून, म्हणजे तुमच्यासकट कुणालाही दुसऱ्याच्या संमतीशिवाय मर्ज करता येणार नाही. प्रकाशनाची किल्ली सगळ्यात शेवटी. कुणी घाई करत असेल, किंवा दुसऱ्याला हक्क द्या म्हणून तिसराच कुणी मागे लागला असेल, तर तेव्हाच थांबा. सीमाभागातल्या आपल्या लोकांचा एक फायदा आहे, माणूस भेटू शकतो. टिळकवाडीत चहाला बसून अर्धा तास बोललं तरी पुष्कळ कळतं. दूरच्याशी निदान व्हिडिओ कॉल करा.

खरंच थांबायचं असेल तर लपवू नका. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीत पॅकेजचा मेंटेनर रीतसर ‘दत्तक हवंय’ असं जाहीर करतो, आणि पूर्ण सोडायचं असेल तर ‘अनाथ’ म्हणून नोंदवतो. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. मग लोकांनी चर्चा करून पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ नेमलं आणि भाषा पुढे चालू राहिली. कोणी मिळालंच नाही तर रेपो अर्काइव्ह करा (फक्त वाचण्यापुरता गोठवा) आणि वर एक ओळ लिहा. वापरणाऱ्याला खरं कळायला हवं.

पैशांचंही बोला. बेंगळुरूच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी. छोट्या प्रकल्पाला तो मिळेलच असं नाही, पण त्याच्या अर्जात आपल्याला कशासाठी किती लागतं ते स्पष्ट मांडावं लागतं. तेवढ्यासाठी तरी तो भरून बघा.

शेवटचं काम म्हणजे तालीम. दुसऱ्या मेंटेनरला एक संपूर्ण रिलीज करायला सांगा आणि स्वतः कीबोर्डला हात लावू नका. लिहिलेल्या सूचनांवरच तिने चालायचं. आम्ही हे गेल्या वर्षी श्रावणात केलं. कुऱ्हाडेची दुरुस्ती पाठवणारी तीच मुलगी, आता नोकरीला लागलेली, संध्याकाळी कामावरून येऊन बसली. मी दुसऱ्या टोकाला फोनवर होतो, बोलायचं नाही असं ठरवून. सूचनांत तीन गोष्टी राहून गेल्याचं तिने शोधलं. टॅगच्या नावाआधी कुठलं अक्षर लागतं ते लिहिलेलं नव्हतं. कोरं वातावरण कसं तयार करायचं ते नव्हतं. आणि प्रकाशनाच्या खात्यावर तिचं नाव घालतो असं मी चार महिन्यांपूर्वी म्हणालो होतो, ते घालायचंच राहिलं होतं. “आता घाला की दादा,” ती म्हणाली, “मी थांबते.” मी लॅपटॉप उघडला आणि घातलं. पावणेदहाला व्हर्जन तिच्या खात्यावरून सुटलं.